मधाची बाटली, लाल चिली आणि बाबांची गोळी: डायनरमधल्या एका नाश्त्याची केस

आधी माणसं सांगतो, म्हणजे पुढचा गोंधळ कळेल. गाडीत आम्ही सहा जण. मी, बायको, बारा वर्षांचा मुलगा, सात वर्षांची मुलगी आणि भारतातून सहा महिन्यांसाठी आलेले आई-बाबा. आई कट्टर शाकाहारी, अंडं पण नाही, आणि ज्या तव्यावर मांस परतलंय त्या तव्यावरचं तर अजिबात नाही. बाबा अंडं खातात पण त्यांना बरीच वर्षं डायबेटिस आहे, मेटफॉर्मिन चालू आहे आणि सकाळच्या नाश्त्याबरोबर ग्लिमेपिराइड. मुलांना फक्त पॅनकेक. बायकोला कॉफी मिळाली की ती कुठल्याही परिस्थितीत शांत असते, आणि हे पुढे फार उपयोगी पडलं.

रूट असा की डॅलसहून निघून ग्रँड कॅन्यन. पहिला मुक्काम ॲमरिलोला, टेक्सासच्या पार वरच्या टोकाला. तिथून इंटरस्टेट 40 हा मोठा हायवे धरून सरळ पश्चिमेला. ॲमरिलो म्हणजे स्टेकचं गाव, त्यामुळे आदल्या रात्री आईने आणि तिच्या सोबतीला म्हणून बाबांनीही सॅलड आणि बेक्ड बटाटा एवढ्यावर भागवलं होतं. हा मुद्दा लक्षात ठेवा, रात्रीचं जेवण हलकं झालं होतं.

सकाळी मोटेलचा फुकट नाश्ता होता पण मुलाचं एकच म्हणणं होतं की आपण रूट 66 वर आहोत तर खऱ्या डायनरमध्येच, म्हणजे रस्त्याकडेच्या साध्या अमेरिकन हॉटेलातच खायचं. रूट 66 हा शिकागो ते सँटा मोनिका असा जुना हायवे, 1926 साली सुरू झाला आणि 1985 मध्ये सरकारी यादीतून काढून टाकला, कारण तोपर्यंत शेजारून इंटरस्टेट झाले होते आणि गाड्या गावात शिरायच्याच बंद झाल्या. ज्या गावांचं पोट त्या रस्त्यावर होतं ती बसली. काही संपली, काहींनी जुने निऑनचे बोर्ड परत लावून टूरिस्ट आणले. न्यू मेक्सिकोतलं टुकमकेरी हे दुसऱ्या प्रकारातलं. ॲमरिलोहून साधारण 110 मैल, वेगमर्यादा 75, म्हणजे दीड-पावणेदोन तास. तिथे नाश्ता करू असं ठरलं. बाबांनी खोलीत चहा आणि दोन बिस्किटं घेतली आणि साडेसातला आम्ही निघालो.

गोळी कधी आणि का

बाबा रेल्वेतून रिटायर झालेत. वेळ म्हणजे वेळ. घरी त्यांचं गणित पक्कं: आठला गोळी, सव्वाआठला ताट. अमेरिकेत आल्यावरही डॅलसमध्ये हे गणित एकदाही चुकलं नव्हतं.

गाडीत त्यांनी नातवाला विचारलं, "किती वाजता पोचतोय रे आपण?" त्याने पुढच्या स्क्रीनवर बघून सांगितलं, "8:05, आजोबा." बाबांनी मनगटावरचं घड्याळ बघितलं, पावणेआठ वाजून गेले होते. म्हणजे पंधरा-वीस मिनिटांत गाव, गेल्या गेल्या नाश्ता. त्यांनी डबी उघडली, गोळी काढली आणि पाण्याबरोबर घेतली. मी गाडी चालवत होतो, बायको मागे मुलीचे केस विंचरत होती, कुणाच्या लक्षातही आलं नाही, आणि आलं असतं तरी आठची गोळी आठला घेतली यात कोण काय बोलणार.

ग्यानबाची मेख अशी की टेक्सासचा तो भाग सेंट्रल टाइमवर आणि न्यू मेक्सिको माउंटन टाइमवर. सीमा ओलांडली की घड्याळ एक तास मागे. आणि मॅप पोचायची वेळ दाखवत होता ती टुकमकेरीच्या घड्याळाप्रमाणे. तिथले 8:05 म्हणजे बाबांच्या मनगटावरचे 9:05. नातवाने वाचलं ते बरोबर, आजोबांनी केलं ते त्यांच्या हिशोबाने बरोबर, मॅपही बरोबर. ज्या माणसाने अख्खं आयुष्य एकाच वेळेवर चालणाऱ्या देशात गाड्यांचं टाइमटेबल सांभाळलं त्याला दोन गावांच्या मध्ये एक तास गायब होतो हे सुचायचं तरी कसं.

ग्लिमेपिराइडबद्दल दोन वाक्यं, कारण सगळ्या शुगरच्या गोळ्या एकसारख्या नसतात. नुसत्या मेटफॉर्मिनने शुगर सहसा धोकादायक खाली जात नाही. ग्लिमेपिराइडच्या गटातल्या गोळ्या मात्र स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतात, पोटात काही असो वा नसो. म्हणून ती पहिल्या मोठ्या जेवणाबरोबर घ्यायची असते. गोळी घेतली आणि ताट आलं नाही तर इन्सुलिन आपलं काम करत बसतं आणि साखर खाली खाली जाते. दोन-तीन तासांत तिचा जोर सगळ्यात जास्त असतो.

आणि आम्ही मध्ये थांबलो. सीमेवर ग्लेनरिओ नावाचं एक ओसाड गाव आहे, रूट 66 बंद पडल्यावर संपलेलं. पडक्या मोटेलचे अवशेष, बंद पेट्रोल पंप, वारा. मुलाला फोटो हवे होते. पंधरा मिनिटं गेली. बाबा उतरलेसुद्धा आणि रस्त्यावरून चाललेसुद्धा, म्हणजे वर थोडा व्यायाम.

टेबलावर

डायनरचं नाव सांगत नाही, त्याची गरजही नाही. लांबट हॉल, एका बाजूला काउंटर आणि गोल फिरणारी स्टुलं, खिडक्यांच्या बाजूला लाल रेक्झिनचे बूथ, काउंटरच्या मागे खिडकी आणि खिडकीतून दिसणारा तवा. डायनर ही गोष्ट मुळात चाकांवरची. 1872 साली ऱ्होड आयलंडच्या प्रॉव्हिडन्स शहरात वॉल्टर स्कॉट नावाच्या माणसाने रात्रपाळीच्या लोकांसाठी घोडागाडीतून खाणं विकायला सुरुवात केली, पुढे या गाड्या मोठ्या होत गेल्या आणि मग कारखान्यात तयार होऊन ट्रकवरून आणून ठेवलेली आख्खी हॉटेलं आली. लांबट आकार त्यातूनच आला. आमचं डायनर साध्या बांधकामातलं होतं पण आतली मांडणी तीच. बाबा आत शिरल्या शिरल्या म्हणाले, "ही तर पँट्री कार आहे." त्यावेळी ते ठणठणीत होते.

रविवार. वेट्रेस एकच, साठीच्या आसपासची, केस वर बांधलेले, पायात नर्सेस घालतात तसे बूट. आत कुक एकच. काउंटरवर गावातले चार म्हातारे कॉफी घेऊन बसलेले, त्यांनी आमच्याकडे एकदा वळून बघितलं, मान हलवली आणि परत आपल्या गप्पांत. आम्ही बसलो तेव्हा बाबांच्या घड्याळात सव्वानऊ होऊन गेले होते. भिंतीवरच्या घड्याळात सव्वाआठ. बाबांनी दोन्ही बघितली आणि म्हणाले, "यांचं घड्याळ बंद पडलंय."

आता ऑर्डर. इथे मला थोडं थांबायचंय, कारण माझ्या मते अर्धी केस इथे आहे.

आपल्या लोकांची टेबलावरची ऑर्डर म्हणजे एक कमिटी मीटिंग असते. मुलाला चॉकलेट चिप पॅनकेक, मुलीला साधे पण वर क्रीम. बायकोला ऑम्लेट पण चीज कमी. बाबांना "तुम्ही काय घेताय ते". आणि आईसाठी मी सुरुवात केली, "शी इज व्हेजिटेरियन, नो एग." वेट्रेस म्हणाली, हॅशब्राऊन (म्हणजे किसून परतलेला बटाटा) घ्या, टोस्ट घ्या. मी विचारलं हॅशब्राऊन कशात परततात. ती म्हणाली तव्यावर. तोच तवा ज्याच्यावर बेकन, म्हणजे डुकराचं मांस. आईला सांगितलं, आईने नुसती मान हलवली.

छोट्या गावात "व्हेजिटेरियन" एवढं म्हणून काहीच कळत नाही, हे मी आता ठामपणे सांगतो. ते लोक फसवत नाहीत, त्यांच्या दृष्टीने ताटात मांसाचा तुकडा नाही म्हणजे झालं शाकाहारी. आपण विचारायचं असतं ते वेगळं: चरबी कुठली, रस्सा कशाच्या पाण्यात, तवा कुठला. न्यू मेक्सिकोत तर जास्तच, कारण नाश्त्याला तिथे राजमासारखे दिसणारे पिंटो बीन्स, पोळीसारख्या टॉर्टिया, चिली म्हणजे मिरचीचा दाट रस्सा असलं सगळं असतं, म्हणजे मेनू वाचून आपल्याला वाटतं की वा, आपलंच जेवण. पण घोटलेल्या रिफ्राइड बीन्समध्ये बऱ्याचदा लार्ड असतं म्हणजे डुकराची चरबी. मैद्याच्या टॉर्टियात असू शकतं. हिरव्या चिलीत पोर्कचे तुकडे घालतात. तिथल्या राज्याचं अधिकृत बिस्किट आहे, बिस्कोचितो, 1989 मध्ये तसा मान मिळालाय, त्यातसुद्धा परंपरेने लार्डच. आणि पॅनकेकच्या पिठात अंडं आणि ताक, त्यामुळे तेही आईला बाद.

बरं, हे सगळं त्या बाईला विचारणं मला ऑकवर्ड होत होतं पण तिला अजिबात नव्हतं. तिने पेन कानामागे खोचलं, आत गेली आणि कुकलाच बाहेर घेऊन आली. ॲप्रनला हात पुसत आला तो, उंच माणूस. त्याने आईकडे बघून, माझ्याकडे नाही, एक एक सांगितलं. रिफ्राइड नको, त्यात लार्ड आहे, पण घोटायच्या आधीचे आख्खे बीन्स वेगळ्या भांड्यात आहेत, नुसतं पाणी, मीठ, लसूण. मैद्याची टॉर्टिया नको, मक्याची घ्या, त्यात मका, चुना आणि पाणी. हिरव्या चिलीत पोर्क आहे. लाल आज साधी आहे, वाळलेल्या मिरच्या भिजवून वाटलेली, लसूण आणि थोडं पीठ, स्टॉक नाही. बटाटे वेगळ्या पॅनमध्ये तेलावर करून देतो, पण वेळ लागेल. मग विचारलं, चालेल का.

आई मला म्हणाली, "विचार त्याला, तिखट आहे ना?" त्याने उत्तर द्यायच्या आधीच हसून मान हलवली.

हे सगळं चालू असताना घड्याळ कुठे होतं ते बघा. ऑर्डर लिहून झाली तेव्हा बाबांच्या मनगटावर पावणेदहा. गोळीला जवळजवळ दोन तास. आणि डायनरच्या किचनमध्ये एका टेबलाची चिठ्ठी एकच असते. कुक सगळ्या प्लेट्स एकदम तयार होतील असं बघतो, अंडी सगळ्यात शेवटी टाकतो कारण ती गार होतात. म्हणजे बाबांची दोन अंडी, जी चार मिनिटांत झाली असती, ती आईच्या बटाट्यांसाठी थांबली. सगळ्यात भुकेला माणूस सगळ्यात किचकट पदार्थाच्या मागे रांगेत. यात कुकचा दोष शून्य, त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

ती दहा मिनिटं

पहिलं लक्षण भांडण होतं. मुलीने ग्लासातला बर्फ चमच्याने वाजवला आणि बाबा तिच्यावर खेकसले. बाबा नातीवर कधी आवाज चढवत नाहीत. ती रडवेली झाली. आई म्हणाली, "अहो, काय झालं तुम्हाला?" तर म्हणाले, "मला काही झालेलं नाही, यांचं जेवण कधी येणार ते विचारा, एक तास झाला." एक तास झाला नव्हता. कपाळावर घाम होता, आणि आत एसी इतका होता की मुलांनी जॅकेट घातली होती. कप उचलला तेव्हा बशीवर वाजला.

शुगर खाली गेल्यावर माणूस चिडतो, हट्टी होतो, आणि मला काही झालं नाही म्हणतो. हे माहीत असून प्रत्यक्षात पटकन ओळखू येत नाही कारण आपल्याला वाटतं दमलेत, भूक लागलीय, स्वभाव आहे.

आईने ओळखलं. तिने टेबलावरच्या साखरेच्या डबीतून दोन पुड्या काढल्या, फाडल्या, पाण्यात ढवळल्या आणि बाबांच्या हातात ग्लास दिला. बाबांनी अर्धा प्यायला. बायकोने डबीकडे बघितलं. पिवळ्या पुड्या.

अमेरिकन हॉटेलातल्या त्या डबीत चार रंगांच्या पुड्या असतात आणि दिसायला भावंडं. पांढरी म्हणजे खरी साखर. गुलाबी म्हणजे सॅकरिन, निळी म्हणजे ॲस्पार्टेम, पिवळी म्हणजे सुक्रालोज. शेवटच्या तिन्ही गोड लागतात पण या कामाला बिनउपयोगी, त्यांनी शुगर वर येत नाही. घरी आईला साखर म्हणजे साखर माहीत, तिने जी हाताला लागली ती घेतली. डायट कोकचंही तसंच, घाईत कुणी तो पुढे केला तर काही फायदा नाही.

बायकोने पर्समधून ग्लुकोमीटर काढला. आईच्या डब्यातले बेसनाचे लाडू डिकीत बॅगांच्या खाली होते पण मीटर पर्समध्ये होता, याचं पूर्ण श्रेय तिचं. बाबांचं बोट ओल्या नॅपकिनने नीट पुसलं, कारण बोटाला साखर किंवा सिरप लागलेलं असेल तर आकडा खोटा वर दिसतो. 61.

70 च्या खाली म्हणजे लो. 61 म्हणजे घाबरून आरडाओरडा करायचं कारण नाही, पण थांबायचंही नाही.

तेवढ्यात वेट्रेस कॉफीचा पॉट घेऊन आली. तिने बाबांकडे बघितलं, टेबलावरचा मीटर बघितला, आणि एकही प्रश्न न विचारता शेजारच्या रिकाम्या बूथवरून मधाची पिळायची बाटली उचलून आमच्यासमोर ठेवली. न्यू मेक्सिकोत ही बाटली बऱ्याच ठिकाणी टेबलावर असते, सोपापिया नावाचा तळून फुगवलेला पदार्थ मधाबरोबर खातात म्हणून. ती म्हणाली, एक मोठा चमचा, ज्यूस आणते. आणि मागे न वळता खिडकीच्या दिशेने ओरडली की सहाच्या टेबलाची दोन अंडी आत्ता टाक, बाकीचं नंतर.

एक मोठा चमचा मधात साधारण 17 ग्रॅम साखर असते. लो झाल्यावर नियम पंधराचा: 15 ग्रॅम पटकन चढणारी साखर, 15 मिनिटं थांबा, परत मोजा, अजून 70 च्या खाली असेल तर परत तेवढीच. अर्धा कप संत्र्याचा ज्यूस, खऱ्या साखरेच्या चार पुड्या, किंवा मध, काहीही चालतं. चॉकलेट, आइस्क्रीम, लोणी लावलेला पॅनकेक हे पहिलं औषध म्हणून नको, त्यातल्या फॅटमुळे साखर सावकाश चढते. आणि माणूस शुद्धीत नसेल, गिळता येत नसेल तर तोंडात काही घालायचं नाही, सरळ 911 या इमर्जन्सी नंबरला फोन.

बाबांनी मध घेतला. ज्यूसचा मोठा ग्लास आला. आणि आता आईचं सुरू झालं, "प्या ना ज्यूस, प्या सगळा." बायको म्हणाली, "आई, पंधरा मिनिटं थांबू या." आई म्हणाली, "अगं, ते थरथरतायत." बायको म्हणाली, "हो, मध पोचायला वेळ लागतो, आत्ता सगळंच दिलं तर दुपारी तीनशेवर जाईल." हे ती इतक्या शांतपणे म्हणाली की आई गप्प बसली, पण ग्लासवरचा हात काढला नाही. ज्यांच्या घरात डायबेटिस आहे त्यांना ही पंधरा मिनिटं माहीत असतील. काहीच करायचं नसतं आणि तेच जमत नाही. मुलाने फोनवर टायमर लावला होता आणि दर मिनिटाला किती राहिलं ते जाहीर करत होता, त्याला गप्प करायचं मला सुचलं नाही, आणि बरं झालं, त्यामुळे सगळ्यांचं लक्ष आकड्यात राहिलं.

सात-आठ मिनिटांनी बाबा नातीला म्हणाले, "वाजव गं तुझा बर्फ." तेव्हा मला अंदाज आला. टायमर वाजल्यावर 83. ज्यूस मुलांनी वाटून प्यायला.

मग खरा नाश्ता

बाबांची प्लेट तोपर्यंत आलीच होती. दोन अंडी ओव्हर मीडियम, म्हणजे दोन्ही बाजूंनी उलटलेली, पिवळं अर्धं घट्ट, एक मक्याची टॉर्टिया, वाटीभर बीन्स. लो मधून वर आल्यावर हेच लागतं, प्रोटीन आणि सावकाश पचणारं काहीतरी, नाहीतर मधाची साखर संपली की परत घसरण.

आईची प्लेट सगळ्यात शेवटी, कुकने स्वतः आणली. मातीच्या रंगाचे आख्खे बीन्स, तीन टॉर्टिया कपड्यात गुंडाळलेल्या, कडा लालसर झालेले बटाटे आणि बाजूच्या वाटीत लाल चिली, वर तेलाचा तवंग नाही, दाट, जवळजवळ विटकरी. आईने टॉर्टियाचा तुकडा मोडला, चिलीत बुडवला, चावला. मग बीन्स. मग म्हणाली, "भाकरी-उसळच आहे की रे ही, नुसतं नाव वेगळं." आणि सबंध प्लेट संपवली. ॲमरिलोच्या सॅलडनंतर तिला पोटभर खाताना बघून मला जे वाटलं ते इथे लिहीत नाही. चिली तिने परत मागून घेतली, मग पर्समधून वही काढून मला कुकला विचारायला लावलं की मिरच्या किती वेळ भिजवायच्या. गरम पाण्यात, मऊ होईपर्यंत, बिया काढून, आणि वाटताना भिजवलेलं पाणी कडू लागलं तर टाकून द्यायचं. तिने लिहून घेतलं.

पॅनकेकबद्दल एवढंच की शॉर्ट स्टॅक (पॅनकेकची छोटी चळत) खरंच छोटा असतो असं समजून दोन मागवू नका. एकात दोन्ही मुलं झाली असती. उरलेला डब्यात भरून कॅन्यनपर्यंत आमच्याबरोबर आला आणि तिथे फेकला.

बिल आणताना वेट्रेसने ज्यूस लावला नव्हता. बाबांनी मला टिपचं विचारलं. अमेरिकेत केंद्राचा टिपवाल्या कामगारांचा किमान पगार तासाला 2.13 डॉलर आहे, 1991 पासून तोच. न्यू मेक्सिकोत 3 डॉलर. टिप धरून राज्याचा 12 डॉलरचा किमान पगार भरला नाही तर फरक मालकाने द्यायचा असतो, पण तिची कमाई मुख्यतः टेबलावरूनच होते. बाबांना मी हे सांगितलं तर ते दोन मिनिटं गप्प बसले. रोज माझ्या 20 टक्क्यांवर कुरकुर करणारा माणूस, त्याने खिशातून स्वतःच्या डॉलरच्या नोटा काढल्या आणि माझ्या टिपशेजारी ठेवल्या, किती ते मला मोजू दिलं नाही.

पुढच्या प्रवासात काय बदललं

गाडीत बसल्यावर बाबांच्या भारतातल्या डॉक्टरांना मेसेज टाकला. त्यांचं उत्तर आलं की डोस आपल्या मनाने बदलू नका, फक्त गोळी घड्याळावर नाही तर ताट समोर आल्यावर पहिल्या घासाबरोबर घ्या. त्यामुळे गोळ्यांची डबी बाबांच्या खिशातून आईच्या पर्समध्ये गेली. बाबांना हे अपमानास्पद वाटलं, अजून वाटतं.

लाडू डिकीतून पुढच्या सीटखाली आले. खऱ्या साखरेच्या चार-पाच पांढऱ्या पुड्या मुलाने मागून घेतल्या आणि स्वतःच्या बॅगेत ठेवल्या, त्याला आता चारही रंग पाठ आहेत आणि प्रत्येक हॉटेलात तो आजीची परीक्षा घेतो.

ऑर्डरची पद्धत बदलली. बसल्या बसल्या पहिलं वाक्य: यांची प्लेट आधी आणा, बाकीच्यांची सावकाश चालेल. कारण सांगितलं तरी चालतं, नाही सांगितलं तरी चालतं, एकाही ठिकाणी कुणी भुवई उंचावली नाही. आईसाठी आता आम्ही "व्हेजिटेरियन" हा शब्द शेवटी वापरतो, आधी विचारतो की साइड्समध्ये काय काय आहे. डायनरच्या मेनूवर वरचे फोटोवाले पदार्थ आपल्या कामाचे नसतात, खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात बीन्स, बटाटे, टोमॅटो, टोस्ट, ओटमील, फळं असं सुटं लिहिलेलं असतं, त्यातून आईचं ताट लागतं आणि स्वस्तही पडतं. कुकलाही ते सोपं, त्याला नवीन काही करायचं नसतं, आहे ते वेगळ्या भांड्यातून वाढायचं असतं.

घड्याळाचा प्रश्न मात्र सुटला नाही. पुढे ॲरिझोना लागलं आणि ॲरिझोना उन्हाळ्यात घड्याळ पुढे करत नाही, त्यामुळे जूनमध्ये तिथे न्यू मेक्सिकोपेक्षा अजून एक तास मागे, म्हणजे डॅलसपेक्षा दोन. त्याच ॲरिझोनात नावाहो नेशनचा भाग मात्र घड्याळ पुढे करतो. म्हणजे कॅन्यनच्या साउथ रिमवर, दक्षिणेच्या कड्यावर, एक वेळ आणि मॉन्युमेंट व्हॅलीकडे वळलो की दुसरी. मुलाने हे आजोबांना नकाशा काढून समजावलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, दोनदा उलटतपासणी केली, आणि म्हणाले की ज्या राज्याला स्वतःची वेळ ठरवता येत नाही त्याच्यासाठी मी माझं घड्याळ फिरवणार नाही. परत येईपर्यंत ते डॅलसच्या वेळेवरच होतं.